आमचे चष्मे नाकारल्याबद्दल आभार

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

नाव घालू नका, चष्म्याच्या दुकानाची जाहिरात होते, अशी तुमची तंबी आहे, म्हणून नुसतं काका. ठाण्याच्या नौपाड्यात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

मदतीचे आभार मानायचे आहेतच, पण त्याआधी नकाराचे. गणपतीत आमच्या सोसायटीने जुने चष्मे गोळा केले. घरटी एक-दोन निघतातच: नंबर बदलला म्हणून पडून राहिलेले, फ्रेम जुनाट वाटते म्हणून कपाटात गेलेले, गेलेल्या माणसांचे. भरलेलं खोकं तुमच्या काउंटरवर ठेवलं तेव्हा तुम्ही ते पुसून द्याल आणि आम्ही जवळच्या येऊरच्या डोंगरातल्या पाड्यांवर वाटून येऊ, एवढाच आमचा बेत होता. तुम्ही आत डोकावलात आणि म्हणालात, "वाटायला काय साखर आहे?"

मग एक चष्मा हात लांब करून दाराच्या चौकटीसमोर धरलात आणि हळूच बाजूला सरकवलात. काचेतली चौकट उलट्या दिशेला पळाली. "प्लस." दुसऱ्यात ती चष्म्याबरोबरच सरकली. "मायनस." तिसरा जागच्या जागी थोडा फिरवला, तर चौकटीची सरळ कड तिरकी झाली. "हा सिलिंडर, म्हणजे ठरावीक कोनात बसवलेला नंबर. ज्याचा आहे त्यालाच चालेल." त्यानंतर तुम्ही लेन्सोमीटरला, म्हणजे काचेचा नंबर मोजायच्या यंत्राला, डोळा लावून बसलात. चाकी फिरवायची, आतल्या हिरव्या रेघा ठळक झाल्या की नंबर वाचायचा, दुसऱ्या काचेचा वेगळा बघायचा, काडीला चिकटपट्टी लावून त्यावर लिहायचा. गिऱ्हाईक आलं की उठायचं, गेलं की पुन्हा बसायचं. हे काम किती किचकट आहे ते बघितल्याशिवाय कळत नाही.

बाद झालेल्यांचा ढीग मोठा होता. एकाच काचेत लांबपासून जवळपर्यंत नंबर बदलत जातो ते प्रोग्रेसिव्ह बाद, दोन काचांचे नंबर वेगळे ते बाद, चरे पडलेले, नाकाच्या पॅडवर हिरवं चढलेलं, सगळे बाद. उरलेले एका ट्रेमध्ये मावले. आमच्या चिटणीसांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकून झाले होते ना! घरी येऊन मी शोधलं, तर तुमच्या म्हणण्याला आधार मिळाला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दानात आलेल्या चष्म्यांपैकी जेमतेम ७ टक्के वापरण्याजोगे निघाले होते, आणि तसा एक चष्मा गरजूपर्यंत पोचवायला नव्या तयार चष्म्याच्या दुपटीच्या घरात खर्च येत होता. जुनी वस्तू दिली की आपला कप्पा रिकामा होतो आणि पुण्यही पदरात पडतं, म्हणून आपल्याला ही कल्पना आवडते, असं माझं मत झालं आहे. तुम्ही मात्र हे तोंडावर बोलला नाहीत. चांगल्या फ्रेम बाजूला काढल्यात, त्यात नव्या काचा खरेदीच्या भावात बसवून देतो म्हणालात, आणि ज्यांनी जुना चष्मा दिला त्यांनी आता एका काचजोडीचे पैसे द्यावेत, असं सुचवलंत. बहुतेकांनी दिले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी यजमानांची फ्रेम दिली होती. ती वापरण्याआधी तुम्ही त्यांना फोन करून विचारलंत. ते त्या अजून सगळ्यांना सांगतात.

येऊरला तुम्ही स्वतः आलात, दुकान मुलावर सोपवून. डोळे तपासायला तुमच्या ओळखीची ऑप्टोमेट्रिस्ट मुलगी बरोबर होती. शाळेतल्या पोरांना जुना चष्मा कुणीही लावायचा नाही, त्यांची तपासणी वेगळी होईल, हे तुम्ही सुरुवातीलाच सगळ्यांना बजावलंत. मोठ्यांपैकी ज्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू दिसला त्यांना ऑपरेशनसाठी सरकारी रुग्णालयाच्या चिठ्ठ्या मिळाल्या. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, ही शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते, पण पाड्यावरच्या म्हाताऱ्यांना ते सांगणारं कुणीतरी लागतं.

बाकी बहुतेकांना हवी होती ती साधी चाळिशी. वय वाढलं की डोळ्यातलं भिंग ताठर होतं आणि जवळचं धूसर दिसतं. त्याला शिकलेला-न शिकलेला असा भेद नाही. तरी बायका मागेच उभ्या. "आम्हाला कुठं पेपर वाचायचाय?" यावर तुम्ही तक्ता गुंडाळून ठेवलात आणि पिशवीतून सुई-दोरा आणि वाटीभर तांदूळ काढलात. तांदळात तुम्ही घरूनच खडे मिसळून आणले होते! एका मावशींनी प्लस दोन लावून पहिल्या झटक्यात सुई ओवली आणि म्हणाल्या, "आणि मी रोज पोरीला हाका मारते." मग मान वर करून डोंगराकडे बघितलं आणि चष्मा काढूनच टाकला: लांबचं सगळं पुसट! हे होणार हे तुम्हाला ठाऊक होतं. हा फक्त हातातल्या कामापुरता, चालताना काढायचा, असं समजावत तुम्ही काड्यांना दोरी बांधून तो त्यांच्या गळ्यात अडकवलात. त्या दोऱ्यांचं बंडलही तुम्ही आणलं होतं. आम्ही नुसते वाटून आलो असतो तर तो चष्मा त्याच दिवशी कोनाड्यात गेला असता.

जवळच्या चष्म्याने कामात किती फरक पडतो, यावर आसामच्या चहामळ्यांत अभ्यास झाला आहे, २०१८ साली लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आला. चाळिशी ओलांडलेल्या ज्या मजुरांना चष्मे दिले, त्यांची पानांची तोड चष्मा न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. चिटणीसांना मी हे वाचून दाखवलं. तेव्हापासून ते खोक्याचा विषय काढत नाहीत, काचांच्या वर्गणीचा काढतात.

एक तक्रार मात्र आहे. लेन्सोमीटरवर घालवलेल्या संध्याकाळींचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, ठीक. पण येऊरच्या जीपचं भाडं आणि सगळ्यांचा चहा-वडाही तुम्हीच परस्पर देऊन टाकलात. हे आमच्या खजिनदारांना अजिबात मान्य नाही, ते पावती मागताहेत. पुढच्या फेरीला प्लस अडीच जास्त लागतील असं तुम्ही म्हणाला होतात; त्या काचांचे पैसे जमले आहेत, रविवारी घेऊन येते. जीपचे तेव्हाच घ्यावेत.

काकूंना नमस्कार, आणि त्या ऑप्टोमेट्रिस्ट मुलीला आमच्या सगळ्यांचे आशीर्वाद.

आपली,
नौपाड्यातल्या सोसायटीची,
खोकं घेऊन आलेली