शिबिर 'सर्वांसाठी' म्हणजे नक्की कोणासाठी?

संपादक साहेब,
उन्हाळी शिबिरांच्या जाहिरातीत 'सर्वांसाठी' असतंच, पण मुलगी व्हीलचेअरवर आहे म्हटलं की समोरचा गप्प होतो. यंदा मात्र एका शिबिरात आम्ही घरचे सगळे गेलो, आजीसकट, तिथे रॅम्प होता आणि तोही नीट, १ फूट उंचीला १२ फूट लांब, नाहीतर बऱ्याच ठिकाणी नुसती घसरगुंडीच असते. सकाळी १० मिनिटं शांत बसायचं, देव माना नाहीतर नका मानू, ज्या पोराला बसवत नाही त्याने मागे फेऱ्या मारायच्या, कोणी डोळे वटारले नाहीत. आमच्या चिरंजीवांनी तिसऱ्या दिवशी मोबाईल स्वतःहून बॅगेत टाकला (मला अजून खरं वाटत नाही!). तक्रार एकच, सांकेतिक भाषा येणारं कोणी नव्हतं, त्यामुळे एक कर्णबधिर मुलगा गप्पांच्या वेळी आईला चिकटूनच बसून राहिला. हे फॉर्ममध्येच विचारायला काय हरकत होती?
- एक पालक