60 मिलीमीटर

चिंचवड,
रविवार दुपार

प्रिय दिगू,

दिवाळीपासून पत्र नाही, फोन नाही, नातीच्या बारशालाही आलो नाही. काय शिव्या द्यायच्या त्या दे. माझं बीपी-शुगर आहे तिथेच आहे. बंडूचं बरं नाही. फोनवर सांगायला गेलो तर मी रडणार आणि तू नुसतं ‘हं, हं’ करणार, म्हणून लिहायला बसलो.

त्याला गुदाशयाचा कॅन्सर निघालाय. सहा महिने मूळव्याध समजून चूर्णं खात बसला होता, गाढव! गोळ्या आणि 25 वेळा रेडिएशन झालं, गाठ आक्रसली. आता ऑपरेशन. गाठ खालून 6 सेंटीमीटरवर आहे. त्या दिवशी घरी आल्यावर मी ड्रॉवरमधला मापाचा व्हर्निअर काढला, 60 वर उघडला आणि बघत बसलो. ही म्हणाली, चहा गार झाला.

खरी गोची पुढे आहे. एक मोठे डॉक्टर लॅप्रोस्कोपीनं, म्हणजे पोटाला छोटी भोकं पाडून, करतात, वर्षानुवर्षं करतायत. दुसरा तरुण आहे, तो रोबोटनं करतो. खर्चात दीड लाखाचा फरक, आणि विमेवाल्यांनी रोबोटला मर्यादा घातलीय. बंडू म्हणतो, ‘दादा, तू सांगशील ते.’ लहानपणी एकदाही ऐकलं नाही लेकानं, आणि आता ऐकतोय!

रोबोट म्हटल्यावर मला वाटलं यंत्र आपलं आपण कापणार. तसं नाही. डॉक्टर बाजूला पडद्यात डोकं घालून बसतो, त्याची बोटं हलतील तशी आतली अवजारं हलतात, हाताचा कंप गाळला जातो आणि टोकाला मनगटासारखा वळणारा सांधा असतो. लॅप्रोस्कोपीत लांब सरळ दांडे. हात डावीकडे नेला की आत टोक उजवीकडे जातं, आणि कॅमेरा दुसऱ्यानंच धरलेला. पुरुषाची कंबर आतून अरुंद, गाठ खोल. तूच सांग, खोल बोअर मारताना बोरिंग बारचा दांडा जितका बाहेर काढू तितकी थरथर वाढते ना? हे मला कुणी समजवावं लागलं नाही.

पण रोबोटवाल्याला हाताला काही लागत नाही, बहुतेक यंत्रांत. ताण किती पडतोय ते डोळ्यानंच ओळखायचं. आता हसू नकोस. 1993 ला आपल्याकडे पहिलं सीएनसी, ते कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, आलं तेव्हा मी हेच म्हणालो होतो, ‘हाताला कळत नाही तो कसला कारागीर!’ आणि पहिला लॉट सगळा ओव्हरसाइज निघाला तेव्हा अख्ख्या शॉपला चहा पाजला होता. तू बोंबलत होतास, ‘मशीनचं काही नाही, सेटिंग कच्चं आहे.’ चार महिने बोललो नव्हतो आपण.

बंडूच्या चिऊनं (बीफार्मच्या शेवटच्या वर्षाला आहे) मला लॅप्रोस्कोपी नि रोबोटची तुलना करणारे दोन अभ्यास वाचून दाखवले. पहिला 2017 चा, 10 देशांतले 471 पेशंट. मधेच पोट उघडावं लागलं ते लॅपमध्ये 12.2 टक्के, रोबोटमध्ये 8.1. एवढा फरक योगायोगानंही पडू शकतो, म्हणजे रोबोट सरस ठरला नाही. मी म्हटलं, झालं, दीड लाख वाचले! तेवढ्यात ती म्हणाली, थांबा काका. लॅपवाल्या डॉक्टरांच्या हाताखालून आधी सरासरी दीडशेवर केसेस गेलेल्या, रोबोटवाल्यांच्या सत्तरसुद्धा नाहीत.

दिग्या, मशीन लावणारा सेटरच नवा होता रे! तुझीच आठवण आली, दुसऱ्या कुणाला हे सांगून काय कळणार?

दुसरा अभ्यास चीनमधला, 11 हॉस्पिटलं, 1240 पेशंट, आणि गाठी बंडूसारख्याच मधल्या नि खालच्या. काढलेल्या तुकड्याच्या कडेपासून कॅन्सर 1 मिलीमीटरच्या आत असला की रिजेक्ट. लॅपमध्ये असे 7.2 टक्के, रोबोटमध्ये 4. तीन वर्षांत तिथेच परत उगवला ते 4 टक्के आणि 1.6. जगण्या-मरण्यात म्हणावा असा फरक तीन वर्षांत तरी दिसला नाही. 1 मिलीमीटर ऐकून मी चिऊला म्हटलं, आम्ही 20 मायक्रॉनला, मिलीमीटरच्या पन्नासाव्या भागाला, जॉब परत पाठवायचो. ती म्हणाली, ‘काका, बाबांचा जॉब परत पाठवता येत नाही.’ मग आम्ही दोघंही गप्प बसलो.

तर सांग. मुरलेल्या हाताची जुनी लेथ, की नव्या मशीनवरचा पोरगा? गुरुवारी दोघांना एकच विचारणार आहे: तुम्ही स्वतः, एवढ्या खालच्या, किती केल्यात? पोरानं नीट आकडा सांगितला तर माझं मन रोबोटकडे झुकतंय. हो, मी हे लिहितोय. कागद जपून ठेव, पुढे दाखवायला होईल. पोटावर शौचाची पिशवी काही महिने दोन्हीकडे लागेल म्हणतात. बंडूला कॅन्सरपेक्षा तिचीच भीती जास्त.

वहिनींचा गुडघा कसा आहे? दिनूच्या दुकानाचं काय झालं? सविस्तर नंतर विचारतो.

गुरुवारी येशील का? सकाळच्या गाडीनं निघालास तर दुपारपर्यंत पोचशील. मला डॉक्टरांसमोर पुढचं सुचत नाही, तू आधीपासून भांडकुदळ. शेंगाचटणी आणू नको, त्याला तिखट बंद आहे. बंडू मागून ओरडतोय, आणायला सांग म्हणून.

तुझा,
वश्या