फीत यंत्राची कापली, रिएजंटचं काय?

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, गोवा राज्य, पणजी

महोदय, सप्रेम नमस्कार.

इस्पितळात नवं यंत्र आलं की फीत कापली जाते आणि दुसऱ्या दिवशी फोटो छापून येतो. त्या यंत्रासाठी रोज जे रिएजंट, म्हणजे चाचणीत वापरायचं द्रव्य, विकत घ्यावं लागतं, त्याकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. मी फोंडा तालुक्यातला निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ. या रोजच्या सामानातल्या एकाच बाटलीविषयी आपल्याला लिहितो आहे. तिच्यात असते सीडी५९ या प्रथिनाला नेमकी चिकटणारी मोनोक्लोनल अँटिबॉडी.

नाव जड असलं तरी काम सरळ आहे. आपल्या रक्तात ‘कॉम्प्लिमेंट’ नावाची प्रथिनांची फौज जंतूंना भोकं पाडत फिरते. आपल्याच तांबड्या पेशी तिच्या तडाख्यातून वाचतात, कारण त्यांच्यावर सीडी५५ आणि सीडी५९ पहाऱ्याला असतात. सीडी५५ हल्ल्याची साखळी मधल्या टप्प्यावरच मोडतं आणि सीडी५९ शेवटचं भोक पडू देत नाही. दोघंही पेशीच्या आवरणाला जीपीआय नावाच्या एकाच प्रकारच्या नांगराने धरलेले असतात. अस्थिमज्जेतल्या एखाद्या मूळ पेशीत पिग-ए हे जनुक बिघडलं की नांगरच तयार होत नाही, आणि त्या पेशीपासून निघालेल्या साऱ्या रक्तपेशी उघड्या पडतात. हा आजार म्हणजे पीएनएच (पॅरॉक्सिस्मल नॉक्टर्नल हिमोग्लोबिन्युरिया). तो आईबापांकडून येत नाही, आयुष्यात मध्येच केव्हातरी सुरू होतो.

सकाळची लघवी काळपट, दम लागतो, हिमोग्लोबिन उतरलेलं. गावाकडे याला कावीळ म्हणतात आणि झाडपाला सुरू होतो. दवाखान्यात गेलं तर लोहाच्या गोळ्या मिळतात. गंमत अशी की लोह खरोखरच कमी असतं, कारण ते लघवीवाटे जात असतं. गोळ्यांनी थोडा उतार पडतो आणि निदान आणखी लांबतं. खरा घात होतो तो शिरांत होणाऱ्या रक्ताच्या गुठळ्यांनी. यकृतातून रक्त वाहून नेणाऱ्या शिरा तुंबून पोटात पाणी भरतं, तेव्हा कुठे कुणाला तरी शंका येते.

एकेकाळी यासाठी हॅम यांची आम्लचाचणी करत. आज फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे पेशी एकेक करून उजेडात तपासणाऱ्या यंत्रावर, काम होतं. चमकणारा रंग जोडलेली अँटिबॉडी रक्तात मिसळायची. ज्या पेशी चमकत नाहीत, त्यांच्यावर पहारा नाही. रोग्याला नुकतंच रक्त चढवलं असेल तर दात्याच्या पेशी मिसळून आकडा फसवा येतो. म्हणून पांढऱ्या पेशीही ‘फ्लेअर’ या, थेट जीपीआय नांगरालाच चिकटणाऱ्या रिएजंटने तपासाव्या लागतात, आणि तेही नमुना घेतल्यापासून साधारण ४८ तासांच्या आत.

आपले अधिकारी विचारतील की असे रोगी किती. दहा लाखांमागे वर्षाला एक-दोन नवे. २०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती, म्हणजे हिशेब बोटांवर होतो. पण चाचणी एवढ्याच लोकांसाठी लागत नाही. अप्लास्टिक अॅनिमियाच्या, म्हणजे अस्थिमज्जा पुरेशा रक्तपेशी बनवत नाही अशा, प्रत्येक रोग्याची ती व्हायला हवी. कूम्ब्स चाचणी (तांबड्या पेशींवर शरीराच्याच अँटिबॉडी चिकटल्यात का, ते पाहणारी) निगेटिव्ह असूनही तांबड्या पेशी फुटत असतील, किंवा भलत्याच जागी गुठळी झाली असेल, तरी ती हवी. शिवाय ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) निदानाला हेच यंत्र आणि अशाच अँटिबॉडीज लागतात.

अडतं ते खरेदीत. मी जिथे काम केलं, तिथे (नाव घेत नाही) यंत्र धडधाकट असायचं आणि फ्रिजमधल्या बाटलीची मुदत संपलेली असायची. यंत्र एकदाच घ्यायचं असतं, त्याला मंजुरी मिळते. बाटली मात्र पुन्हा पुन्हा लागते. ती २ ते ८ अंशांत ठेवायची, गोठू द्यायची नाही, उजेड लागू द्यायचा नाही. पावसाळ्यात रात्रभर वीज गेली की तंत्रज्ञाचाच जीव टांगणीला.

त्यात निविदेत नुसतं ‘अँटी-सीडी५९’ लिहिलं की सर्वांत स्वस्त देणारा जिंकतो. १९७५मध्ये कोहलर आणि मिल्स्टाइन यांनी ज्या पद्धतीने मोनोक्लोनल अँटिबॉडी तयार केली, तिचं सारं बळ यात आहे की एकाच पेशीच्या वंशातून, म्हणजे एकाच क्लोनमधून, दर वेळी तीच अँटिबॉडी मिळते. सीडी५९साठी एमईएम-४३ हा एक जुना, पारखलेला क्लोन आहे. क्लोन बदलला किंवा रंग बदलला की चमक बदलते, आणि सगळी पडताळणी नव्याने करावी लागते. दहा पैसे वाचवून महिनाभराचं काम वाढवायचं, हा कसला हिशेब?

म्हणून मागणी एवढीच. फ्लो सायटोमेट्रीच्या रिएजंटना यंत्रखरेदीपासून वेगळी, दरवर्षीची तरतूद द्या. निविदेच्या तपशिलात क्लोन आणि रंग दोन्ही लिहायला लावा, आणि ते ठरवायचा अधिकार बांबोळीच्या गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) रक्तविज्ञानातल्या डॉक्टरांना द्या, भांडार विभागाला नको. वाळपई, पेडणे, काणकोणहून नमुना बांबोळीला त्याच दिवशी पोचेल अशी गाडी ठरवा. चतुर्थीच्या सुट्ट्यांतही.

महागडी औषधं सर्वांना देता येणार नाहीत, हे मला समजतं. पण निदान झालं तर रक्त पातळ ठेवण्याचं औषध, फॉलिक अॅसिड आणि वेळेवर रक्त, एवढं तरी इथेच देता येतं. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा विचारही वेळेत करता येतो. पुढच्या अर्थसंकल्पाआधी रिएजंटची यादी मागवा. ती करायला हात लागत असतील, तर मी विनामोबदला येईन.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, फोंडा