मोलेच्या पातेऱ्यातला कोळी: नाव देण्याआधी

साखळी, गोवा

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

मोलेच्या जंगलातल्या पातेऱ्यातल्या कोळ्याचे फोटो मिळाले. सहा डोळे, पोटावर वर-खाली कडक ढाली, लांबी जेमतेम दीड मिलिमीटर. ऊनोपिडी कुळातला वाटतो. पण प्रजाती नवी आहे की नाही, हे एवढ्यावरून ठरत नाही. रंगावर तर मुळीच जाऊ नकोस, अल्कोहोलमध्ये तो उतरतो. खरी ओळख पूर्ण वाढलेल्या नराच्या पाल्पवर, म्हणजे तोंडाजवळच्या पायासारख्या, वीर्य पोचवणाऱ्या अवयवावर असते. पिल्लू कितीही वेगळं दिसलं तरी त्यावर नाव द्यायचं नसतं.

तेव्हा आधी नर शोध. वनखात्याचा परवाना हाती आल्याशिवाय चाळणी उचलू नकोस. भर पावसात पातेरा जाळीला चिकटून बसतो, ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा. मुळांच्या बेचक्यातला ओलसर थर एक सेंटिमीटरच्या जाळीतून पांढऱ्या कापडावर चाळ आणि मग थांबून बघ. हे कोळी हलले तरच दिसतात. बोटाने उचललास तर चिरडेल. अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या बारीक ब्रशाचं टोक लावलंस की आपसूक चिकटतो.

नमुने ७० ते ७५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेव. डीएनएसाठी काही वेगळे काढून ९५ टक्क्यांत, फ्रीजरमध्ये. तिथे पाय ठिसूळ होऊन गळतात, म्हणून मोजमापाचा नमुना त्यात नको. चिठ्ठी पेन्सिलीने लिही आणि कुपीच्या आत टाक. बॉलपेनची शाई विरघळते, आणि ठिकाण-तारीख गेली की नमुना फुकट.

चित्र रिवाजाप्रमाणे डाव्या पाल्पचं काढ: आतून, बाहेरून आणि खालून. काचेच्या ताटलीत थोडं सॅनिटायझर जेल घेतलंस तर पाल्प हव्या त्या कोनात टिकतो. फक्त जेलमधले बुडबुडे आधी काढ, नाहीतर एखादा काटा आहे असा भास होतो. टोकाच्या एम्बोलसची, म्हणजे वीर्य सोडणाऱ्या बारीक नळीची वळणं नीट निरखून काढ, दोन प्रजातींमधला फरक बहुधा तिथेच सापडतो. या कुळातल्या मादीची जननरचना बाहेरून फारशी दिसत नाही, आतली रचना लॅक्टिक अ‍ॅसिडमध्ये पारदर्शक करून बघावी लागते. लवंगतेलही चालतं, पण नमुन्यात पाणी राहिलं तर ते दुधाळ होतं.

मग वर्ल्ड स्पायडर कॅटलॉगमध्ये या कोळ्याच्या वंशाच्या (जीनसच्या) सगळ्या प्रजाती तपास, फक्त भारतातल्या नव्हे. श्रीलंकेतल्या तर आवर्जून. जुन्या वर्णनात चित्र अपुरं असेल तर मूळ नमुना पाहण्यावाचून गत्यंतर नाही. हीच पायरी लोक गाळतात आणि एकाच कोळ्याला दोन नावं पडतात.

लेखात होलोटाइप, म्हणजे नावाला आधार असलेला नमुना, म्हणून एकच नर ठरव आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला ते स्पष्ट लिही. जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नव्या प्रजातीची माहिती आणि नमुना नेमलेल्या संग्रहाकडे द्यावाच लागतो. लेख फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँक या प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी आधी कर आणि ती लेखातही छाप, नाहीतर नाव ग्राह्य धरत नाहीत.

नर मिळाला की पाल्पच्या तिन्ही बाजूंचे फोटो पाठव, स्केल बार लावून.

तुझा,
सुहास