‘मिट्ट काळोखात ५०० मीटर’ म्हणून विकलेल्या नाइट व्हिजन दुर्बिणीबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : दिशाभूल करणारी जाहिरात आणि दुर्बिणीचे पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

आपल्या वेबसाइटवरून घेतलेली नाइट व्हिजन दुर्बीण मला परत करायची आहे आणि तिचे १८,५०० रुपये पूर्ण परत हवे आहेत. बिलाची प्रत सोबत जोडली आहे. दुर्बीण बंद पडलेली नाही, बटण दाबलं की चालू होते. पण जे काम सांगून आपण ती विकली, ते काम तिच्या बांधणीतच नाही, ही माझी तक्रार आहे.

मी खानापूर तालुक्यातल्या जांबोटी भागात शेती करतो. शिवाराला लागून रान आहे. भात पोटरीला आलं की गवे उतरतात आणि उसात, रताळ्यात डुकरं शिरतात. रात्री राखणीला माळ्यावर बसावंच लागतं. दुर्बीण शिकारीसाठी घेतलेली नाही, गव्याला हात लावायचा विचारही आमच्या मनात येत नाही. जनावर कुठं आहे ते लांबून कळावं आणि बांधावरून चालताना अचानक त्याच्या पुढ्यात जाऊन उभं राहायची पाळी येऊ नये, एवढाच हेतू.

जाहिरातीत तीन गोष्टी ठळक आहेत : मिट्ट काळोखात ५०० मीटर दिसतं, धुक्यातही दिसतं आणि ‘शरीराची उष्णता टिपते’. व्हिडिओत तर फौजेच्या सिनेमासारखा हिरवा पडदा दाखवला आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच असल्यामुळे आमच्याकडे फौजेतून निवृत्त झालेली माणसं गावोगावी आहेत. आमच्या गावच्या निवृत्त सुभेदारांनी यंत्र हातात घेऊन दोन मिनिटांत सांगितलं, ‘ही ती वस्तू नव्हे.’ फौजेच्या यंत्रात चांदण्यांचा जो काही अंधूक उजेड असतो त्याचे आत इलेक्ट्रॉन होतात, ते हजारो पटींनी वाढवले जातात आणि फॉस्फरच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन आदळले की उजळणाऱ्या लेपाच्या, पडद्यावर आदळून चित्र उमटतं. हिरवा रंग त्या पडद्याचा. आपल्या यंत्रात मेनूत जाऊन हिरवा, पांढरा, लाल असा कुठलाही रंग निवडता येतो. म्हणजे तो नुसता रंग आहे.

आपल्या यंत्रात आहे तो मोबाइलसारखा कॅमेरा आणि शेजारी इन्फ्रारेड दिवा. दिव्यावर काळी चिकटपट्टी लावून मी ते अमावास्येच्या आसपास माळ्यावरून पाहिलं. पडद्यावर नुसते ठिपके वळवळत होते, दुसरं काही नाही. म्हणजे यंत्राला अंधारात दिसत नाही, ते स्वतःच्या बॅटरीच्या झोतात बघतं, फक्त तो झोत आपल्या डोळ्यांना दिसत नाही. तोही पुरता अदृश्य नाही. डब्याच्या तळाशी बारीक अक्षरात ८५० नॅनोमीटर लिहिलंय, ही त्या प्रकाशाची तरंगलांबी. त्या दिव्याचा लालसर ठिपका समोरून स्पष्ट दिसतो. ९४० नॅनोमीटरचा दिवा असता तर ठिपका दिसला नसता, पण त्या प्रकाशाला कॅमेरा कमी दाद देतो, म्हणून पल्ला आणखी घटला असता. हा हिशेब आपल्याला ठाऊक असणारच.

पल्ल्याचंही तसंच. अंतर दुप्पट झालं की जनावराच्या अंगावर पडणारा उजेड पावपट होतो, आणि चित्रात ते जनावर जेवढ्या ठिपक्यांत मावतं तेही पावपट. झूम दाबल्यावर तेच ठिपके मोठे होतात, नवीन काही कळत नाही. शंभर मीटरच्या अलीकडेच मला काळा गोळा दिसला. गवा की शेजाऱ्याची सुटलेली म्हैस? गव्याचे पाय गुडघ्याखाली पांढरे असतात, त्यावरून ओळखावं म्हटलं तर पाय भातात. ‘काहीतरी आहे’ हे दिसणं आणि ‘काय आहे’ हे कळणं यांत राखणदाराचा जीव असतो साहेब. गव्याचे डोळे दिव्यात लांबून चमकतात हे खरं. आपले ५०० मीटर बहुधा त्यावरच मोजलेले असावेत. पण डुकराच्या डोळ्यात तसा आरशासारखा पडदाच नसतो, आणि आमच्या रताळ्यांचा खरा वैरी तोच.

उष्णतेच्या दाव्याची परीक्षा घरीच झाली. चुलीवरून उतरवलेला हंडा आणि गार पाण्याची घागर अंगणात शेजारी ठेवली, दोन्ही सारखीच राखाडी दिसली. दुसरं म्हणजे, दिवा बंद ठेवून खिडकीच्या बंद काचेतून रस्त्यावरच्या खांबाखालचा बैल व्यवस्थित दिसला. अंगाची उष्णता टिपणाऱ्या खऱ्या थर्मल कॅमेऱ्याला काचेपलीकडचं दिसत नाही, म्हणून तर त्याची भिंगं काचेऐवजी उष्णतेचे किरण आरपार जाऊ देणाऱ्या जर्मेनियमची करावी लागतात. त्या एका बैलानं आपला दावा निकालात काढला.

धुक्याबद्दल फार लिहीत नाही. थेंबांवरून झोत उलटा येतो आणि पडदा दुधासारखा होतो. उसाचं एखादं पान आडवं आलं तरी तेच पांढरंफटक दिसतं आणि मागचं सगळं काळं.

एक गोष्ट मात्र धोक्याची आहे आणि माहितीपुस्तिकेत तिचा उल्लेखही नाही. उजळ पडद्याला डोळा लावून काढला की त्या डोळ्याला काही दिसत नाही. अंधाराला तो पुन्हा पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. तेवढ्यात माणूस माळ्यावरून उतरला तर?

आपल्या प्रतिनिधींना फोन केला तेव्हा आधी लेन्सचं झाकण काढलंय का ते विचारलं, मग सेल बदला म्हणाले आणि शेवटी ‘चांदण्या रात्री वापरून बघा’ असा सल्ला दिला. चांदण्या रात्री आम्हाला तशीच दिसतात जनावरं. ‘डबा उघडल्यावर वस्तू परत घेत नाही’ हा नियमही ऐकवला. डबा न उघडता अंधारात काय दिसतं ते तपासायचं कसं, हे त्यांनी सांगितलं नाही.

रक्कम परत करावी, वस्तू नेण्याचा खर्च आपण करावा, आणि उष्णतेचा व धुक्याचा दावा जाहिरातीतून काढून जनावर ओळखू येण्याचं खरं अंतर छापावं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत व्हायला हवं. न झाल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली मी राहत्या जिल्ह्यात, म्हणजे बेळगावच्या ग्राहक आयोगात दाद मागेन. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथं शुल्क नाही.

दुर्बीण मूळ डब्यात घालून ठेवली आहे. कुरिअरवाल्याला आदल्या दिवशी मेसेज करायला सांगावं. शेतात रेंज नसते, फोन लागणार नाही.

आपला,
(सही)
शेतकरी ग्राहक, जांबोटी भाग, ता. खानापूर, जि. बेळगाव

सोबत : बिलाची प्रत, जाहिरातीचे फोटो, हंडा-घागरीचा व्हिडिओ