मिस्त्रीकाका, मागचा डावा कोपरा आता बसत नाही

मिस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही कामाचे आभार मानू दिले नाहीत, हात पुसत पुढच्या गाडीकडे वळलात. म्हणून हे चारचौघांत.

रोज सकाळी माझ्या गाडीचा मागचा डावा कोपरा खाली बसलेला असायचा. आधीच्या ठिकाणी एअर सस्पेन्शनची, म्हणजे स्प्रिंगऐवजी गाडी हवेवर तोलणारी, नवी रबरी बॅग घालून झाली, तिच्यात हवा भरणारा कॉम्प्रेसर जळला म्हणून तोही बदलून झाला. कोपरा बसायचा तो बसतच राहिला. तुम्ही पान्याला हात लावायच्या आधी विचारलंत, "रात्रभरात किती बसते? मोजलंय का कधी?" नव्हतं मोजलं. दुसऱ्या दिवशी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावली, तर ४ सेंटिमीटरचा फरक!

मग साबणाचं पाणी आणि रंगाचा जुना ब्रश. बॅगेवर काही नाही, तिच्या घडीतही नाही. हवेची नळी जोडते त्या फिटिंगपाशी मात्र टाचणीच्या डोक्याएवढा बुडबुडा फुगला, फुटला, परत फुगला. हवा सोडून तुम्ही नळी काढलीत आणि टोक माझ्यासमोर धरलंत. पक्कडीने कापलेलं, तिरकं, चेपलेलं. असं टोक फिटिंगमधल्या ओ-रिंगवर, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कडीवर, सगळीकडून नीट बसणार कसं? त्यावर मी हौसेने गुंडाळलेली टेफ्लॉन टेप तुम्ही एक शब्दही न बोलता सोललीत, ते जास्त लागलं. कटरने टोक काटकोनात छाटलंत, ओ-रिंग बदललीत, नळी ठेपेपर्यंत दाबून ओढून पाहिलीत. संपलं काम. पहिला कॉम्प्रेसर बिचारा ही गळती भरून काढतानाच धापा टाकून गेला असणार.

स्टँड लावल्याशिवाय मला गाडीखाली वाकू दिलं नाहीत, हवेच्या भरवशावर तर नाहीच. जॅकवरून उतरवताना आधी बॅगेत हवा, मग वजन. नाहीतर रिकामी बॅग वेडीवाकडी दुमडून चिमटते, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. घडीतली माती आता साध्या पाण्याने धुतो, रबराला ग्रीस-डिझेल लागू देत नाही. पत्र्याच्या कडेवर नळी घासत होती तिथे रबरी बाही चढवली, एक्झॉस्टपासूनही ती लांब बांधली. हवेच्या टाकीत साचलेलं पाणीही सोडतो. पहिल्यांदा सोडलं तेव्हा बरंच निघालं.

काल रात्री टेप लावली, आज सकाळी लावली. आकडा तोच. छाटलेला तुकडा डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलाय. ओ-रिंगचे पैसे मात्र घ्यायचे राहिलेत तुमचे.

आपला कृतज्ञ,
टेफ्लॉन टेपवाला