उंच घड्याळाचं मशीन भंगारात घालू नका

मा. संपादक,

हल्ली जुन्या फर्निचरची हौस वाढलीय, चांगलंच आहे, पण माणसाएवढी उंच जुनी घड्याळं घ्यायची, आतलं मशीन काढून भंगारवाल्याला किलोवर द्यायचं आणि त्याजागी सेलवरचं मशीन बसवायचं, असं जे पुण्यात चाललंय ते बघून जीव तुटतो. अहो ती पेटी एवढी उंच आहे ती आतल्या मशीनसाठीच, सेकंदाला एक झोका घेणारा लंबक जवळजवळ १ मीटर लांब लागतो आणि वजनं हळूहळू खाली उतरायला जागा लागते. सेल बसवला की लंबक नुसता शोभेला हलतो, वेळेशी त्याचा संबंधच उरत नाही.

अमेरिकेत कनेटिकटमध्ये ईलाय टेरी (१७७२-१८५२) म्हणून घड्याळजी होऊन गेला, त्याने १८०७ च्या सुमारास एडवर्ड आणि लेव्हाय पोर्टर यांच्याशी करार केला, ३ वर्षांत अशा उंच घड्याळांची ४००० मशीनं, प्रत्येकी ४ डॉलरला. फक्त मशीनं बरं का, पेटी नाही! त्याकाळी घड्याळजी हाताने एकावेळी मोजकीच घड्याळं करायचे, त्यामुळे लोकांना हे अशक्यच वाटलं असणार. याने पितळ सोडून लाकूड घेतलं, चाकं चेरीची, ती धरून ठेवणाऱ्या पाट्या ओकच्या, आणि पहिलं वर्ष नुसतं पाण्याच्या जोरावर चालणारी यंत्रं उभी करण्यात घालवलं, मग पुढच्या दोन वर्षांत ४००० पुरी केली. सगळे भाग एकसारखे, कुठलाही कुठेही बसेल असे. घेणारा ते मशीन घरी न्यायचा आणि गावातल्या सुताराकडून ऐपतीप्रमाणे पेटी करून घ्यायचा. रोज दोरी ओढून वजन वर घेतलं की झालं.

आणि हे काही फार लांबचं नाही. आपल्याकडे जुन्या घरांत भिंतीवर 'सेठ थॉमस' लिहिलेली घड्याळं दिसतात ना, तो थॉमस याच करारात टेरीबरोबर काम करत होता, १८१० मध्ये त्याने आणि सायलस होडली या दुसऱ्या घड्याळजीने मिळून टेरीचा तो कारखाना विकत घेतला.

म्हणजे तिथे आधी मशीन आणि मग पेटी, आपण नेमकं उलटं करतोय. माझी विनंती एवढीच, की पेठांमध्ये लंबकाची घड्याळं दुरुस्त करणारे जे थोडे कारागीर अजून दुकान चालवतायत त्यांची माहिती आपल्या पुरवणीत छापा. मशीन बंद पडलं तर कुठे न्यायचं हेच लोकांना ठाऊक नसतं, म्हणून भंगारवाला गाठतात. आणि ज्यांनी मशीन काढून ठेवलंय पण अजून विकलेलं नाही त्यांनी ते पेटीच्या तळाशी का होईना, वजनं आणि लंबकासकट जपून ठेवावं.

एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे